महामार्गालगतच्या व्यापारी पट्ट्याची सुनावणी: हरकत कशी लिहावी आणि बैठकीत काय बोलावं

आमच्या शिवारातून राज्य महामार्ग चार किलोमीटर जातो. प्रारूप प्रादेशिक योजनेच्या, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरता येईल हे ठरवणाऱ्या मसुद्याच्या, नकाशात त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना निळा, म्हणजे व्यापारी वापराचा, पट्टा आखलाय, हे मला नोटीस बोर्डावरून कळलं नाही. वस्तीवरच्या जाऊबाईंकडे एक परगावचा माणूस जमिनीचा भाव विचारायला आला, त्याच्या बोलण्यातून कळलं. मी तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होते आणि मलाच पत्ता नव्हता. हरकतीच्या मुदतीतले सतरा दिवस तोवर निघून गेले होते.

त्यानंतर आजूबाजूच्या गावांच्या हरकती लिहायला मी बसत आले आहे. सुनावण्यांना पुष्कळदा गेले. एक गोष्ट दरवेळी दिसते. ‘शेती वाचवा’ म्हणणारा आणि ‘गावाचा विकास झाला पाहिजे’ म्हणणारा, दोघांचंही म्हणणं ऐकून घेतलं जातं आणि पुढचं नाव पुकारलं जातं. पण ‘साहेब, गट नंबर अमक्यातून ओढा वाहतो, तुमच्या नकाशात तो दाखवलेलाच नाही’ असं कोणी म्हटलं, की समोरचा अधिकारी पेन उचलतो. हे सगळं लिहिते आहे ते तो पेन उचलला जावा म्हणून.

पहिलं काम: हा कागद नेमका कशाचा?

महामार्गाचं नाव निघालं की लोक सगळ्या नोटिसा एकच समजतात. आमच्या ग्रामसभेत अर्धा तास मोबदल्यावर वाद झाला, आणि विषय भूसंपादनाचा नव्हताच.

राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घ्यायची असेल तर ती नोटीस राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 खाली निघते. तिथे कलम 3अ ची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसांत हरकत घ्यावी लागते, आणि त्यात जमीन खरोखर जाते. जमीन कशासाठी वापरता येईल हे ठरवणारा नकाशा हा वेगळा कागद. तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 खाली येतो. त्यात सातबारा तुमच्याच नावावर राहतो, फक्त तुमच्या गटाला लागू असलेला विभाग बदलतो: शेती, रहिवास, वाणिज्य, औद्योगिक. तिसरा प्रकार म्हणजे एखाद्या एकट्या मालकाने आपल्या गटापुरता मागितलेला बदल किंवा अकृषिक वापर.

नोटीस हातात आली की कायद्याचं नाव, कलम आणि हरकतीची शेवटची तारीख या तीन गोष्टी वहीत उतरवून घ्या. तारीख सूचनेत छापलेली असते तीच धरायची. शेजारच्या तालुक्यात किती दिवस दिले होते त्यावर विसंबू नका.

निर्णय कोणाचा, हेही आधीच नीट समजून घ्या. प्रादेशिक योजनेला मंजुरी राज्य शासन देतं. ग्रामपंचायत तिथे नियोजन प्राधिकरण नसते, त्यामुळे ग्रामसभेने ठराव केला म्हणून पट्टा रद्द होत नाही. ठराव हा पुरावा असतो. तो फाइलला लागला तर पुढे प्रत्येक टेबलावर वाचला जातो, आणि लागला नाही तर ‘स्थानिक पातळीवर विरोध आढळला नाही’ असं लिहायला जागा मोकळी राहते. आमच्या सरपंचांना हे पटवायला मला दोन बैठका लागल्या. त्यांचं म्हणणं, ‘ताई, आपल्या ठरावाला कोण विचारतंय?’

नकाशा वाचायचा, आणि मग चालायचं

नकाशा पाहायला जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात जा. सूचनेत पाहणीचं ठिकाण आणि वेळ दिलेली असते. मी गेले तेव्हा तिथल्या एका कर्मचाऱ्याने ‘नकाशा नुसता बघा, हात लावू नका’ असं सांगून दहा मिनिटांत गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी ‘सूचनेनुसार पाहणीसाठी’ असा लेखी अर्ज देऊन त्यावर आवक क्रमांक घेतला, आणि मग टेबल मिळालं. तुम्ही पहिल्याच दिवशी अर्ज घेऊन जा. आपल्या गावाच्या भाग नकाशाची प्रत शुल्क भरून मागा. माहितीचा अधिकार आहेच, 10 रुपयांत अर्ज होतो. पण उत्तराला 30 दिवस असतात आणि तोवर हरकतीची मुदत संपून जाऊ शकते. तो अर्ज नंतरच्या कामासाठी ठेवा.

नकाशावर सहसा शेती हिरवी, रहिवास पिवळा आणि व्यापारी भाग निळा असतो. तरी कोपऱ्यातली सूची वाचल्याशिवाय रंगावर बोलू नका. आणि सगळ्यात मोठी चूक होते ती मोजमापात. प्रमाण ‘1 सेंटीमीटरला इतके मीटर’ असं छापलेलं असतं, पण झेरॉक्स लहान-मोठी झाली की ते प्रमाण खोटं ठरतं. आमच्याकडे एका भावकीने झेरॉक्सवर पट्टी लावून पट्टा दीडशे मीटरचा काढला होता, खरा होता दोनशेचा. नकाशावर काढलेली मापाची रेघ असते ना, ती झेरॉक्सबरोबरच लहान-मोठी होते. कर्कटकात त्या रेघेवरून अंतर धरा आणि मग मोजा.

गाव नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या. त्यावरच्या गटांच्या हद्दी ट्रेसिंग पेपरवर उतरवा आणि तो पेपर भाग नकाशावर ठेवा. दोन्हींचं प्रमाण वेगळं असेल तर आधी झेरॉक्सवाल्याकडून एकाच मापात करून आणा. ओढ्याचा संगम आणि शिवेचा तिठा असे दोन ठळक बिंदू जुळले की बाकीचं आपोआप बसतं. मग पट्ट्यात येणाऱ्या गटांची यादी करा. आम्ही ती शाळेच्या फरशीवर बसून केली. सोबत बारावीतली दोन मुलं होती, त्यांची नजर माझ्यापेक्षा पक्की.

यादी झाली की रस्त्याने चाला. मोटारसायकलवरून नको, पायी. दोघं एका बाजूने, दोघं दुसऱ्या बाजूने. हॉटेल, गॅरेज, गोदाम, पंप, घर, विहीर, बोअर, पाणंद, बसथांबा, शाळेकडे वळणारी वाट असं जे दिसेल ते गट नंबरासह लिहायचं. आणि रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोऱ्या मोजायच्या, एकही न सोडता. आम्हाला चार किलोमीटरात अकरा मोऱ्या सापडल्या, त्यातल्या तीन भरावाखाली बुजलेल्या. त्यातल्या एकीच्या वरच्या अंगाला आमचा कांदा आहे. रस्त्याकडेला एका गोदामासाठी मुरूम टाकला गेला त्या पावसाळ्यात शेतात दोन दिवस गुडघाभर पाणी उभं होतं, रोप मुळासकट कुजलं. सासूबाई बांधावर बसून राहिल्या, घरी यायला तयार नव्हत्या. मोऱ्यांची ती यादी मी त्या दिवसाच्या आठवणीने केली, आणि पुढे सुनावणीत तीच सर्वांत उपयोगी पडली.

गुंठ्यांचा हिशोब मांडा

‘दोन्ही बाजूंनी दोनशे मीटर’ हे कानाला लहान वाटतं. गुंठ्यांत मांडलं की लोकांचे डोळे उघडतात. रस्ता चार किलोमीटर, म्हणजे 4,000 मीटर. दोन्ही बाजू मिळून खोली 400 मीटर. गुणाकार 16 लाख चौरस मीटर, म्हणजे 160 हेक्टर, सुमारे 15,800 गुंठे. चारशे एकराच्या आसपास. आमच्यासारख्या गावाला चारशे एकर दुकानं लागणार आहेत का? हा प्रश्न मी ग्रामसभेत विचारला तेव्हा पट्ट्याच्या बाजूने बोलणारेही गप्प झाले. त्यांच्या मनात पंचवीस-तीस गाळे होते, आणि त्यांना एवढ्याला दहा-बारा एकरही पुष्कळ झाली असती.

दुसरा हिशोब लहान खातेदाराचा, आणि तो कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नकाशात गट निळा झाला म्हणजे रस्त्याला लागून गाळा बांधता येतो असं नाही. महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, 1955 मध्ये महामार्गाची हद्द, इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा ठरवण्याची तरतूद आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांप्रमाणे सपाट, मोकळ्या ग्रामीण भागात राष्ट्रीय आणि राज्य महामार्गासाठी दोन्हीकडच्या इमारत रेषांमधलं अंतर 80 मीटर आणि नियंत्रण रेषांमधलं 150 मीटर धरतात. म्हणजे रस्त्याच्या मध्यापासून 40 मीटरपर्यंत इमारत नाही, आणि 40 ते 75 मीटरपर्यंत बांधकामावर निर्बंध. आता एखाद्या भावाच्या वाट्याला रस्त्यापासून आत 60 मीटर खोल तुकडा आलाय आणि रस्त्याची हद्द मध्यापासून 15 मीटरवर आहे, असं समजा. त्याचे पुढचे 25 मीटर रिकामे सोडायचे, आणि उरलेले 35 मीटर सगळेच नियंत्रण रेषेच्या आत. त्याचा अख्खा तुकडा नकाशात निळा, पण मोकळेपणाने बांधता येईल असा एक मीटरही नाही. मागे दोनशे मीटर सलग जमीन असणाऱ्याला मात्र 140 मीटर मिळतात. पट्टा आखला की जमीन लहान्याकडून मोठ्याकडे सरकते ती या वाटेने. तुमच्या रस्त्याला नेमकी कोणती अंतरं लागू आहेत ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडून लेखी मागून घ्या आणि हरकतीला जोडा.

रस्त्यावर उतरायची वाट हा आणखी एक परवाना. राष्ट्रीय महामार्ग असेल तर राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण अधिनियम, 2002 प्रमाणे महामार्ग प्रशासनाची परवानगी लागते. समृद्धी महामार्ग हा तर 701 किलोमीटरचा प्रवेश-नियंत्रित रस्ता; तिथे गावाच्या शिवारातून रस्ता गेला तरी शेजारच्या गाळ्यातून त्यावर चढता येत नाही, चढ-उतार ठरलेल्या ठिकाणीच. अशा रस्त्याकडेला व्यापारी जमीन म्हणून विकायला कोणी आलं, तर पहिला प्रश्न एकच विचारा: गाडी कुठून उतरणार?

नुसता नकार देऊ नका, मागणी मांडा

मी रस्त्याकडेच्या धंद्याच्या विरोधात नाही. माझा भाचा त्याच रस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवतो, त्याच्या दोन मुली त्यावर शिकल्या. माझा विरोध सलग पट्ट्याला आहे. चार किलोमीटर दुकानं म्हणजे चार किलोमीटर वळणारी वाहनं, उभे ट्रक आणि शाळेची पोरं मधून धावणारी. पुढे वाहतूक तुंबली की गावाला वळसा घालून बाह्यवळण निघतं, आणि ज्यांनी कर्ज काढून गाळे बांधले त्यांच्यासमोरून गिऱ्हाईकच जातं. 2002 मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू झाल्यावर जुन्या महामार्गावरच्या किती धंद्यांची वाहनं निघून गेली ते त्या बाजूच्या माणसांना विचारा.

म्हणून आम्ही मागितलं ते असं: व्यापारी विभाग तिठ्यापाशी एकाच जागी एकवटावा, त्याला मागून सेवा रस्ता असावा आणि महामार्गावर उतरायला एकच तोंड असावं. ओढ्याच्या दोन्ही काठांचे गट शेतीतच ठेवावेत. सगळ्या मोऱ्या नकाशात दाखवाव्यात. शाळेच्या वाटेसमोर भुयारी मार्ग व्हावा. ट्रक थांबायला वेगळी जागा राखावी. सांडपाणी कुठे जाणार ते लिहून द्यावं, कारण पट्टा जिथे संपतो तिथेच गावाची पिण्याची विहीर आहे.

आणखी एक बाब माहीत असलेली बरी. 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे शेती विभागातही पेट्रोल पंपासारखे काही वापर अटींवर चालतात. त्यामुळे ‘पट्टा नसेल तर रस्त्यावर काहीच होणार नाही’ हे म्हणणं टिकत नाही. ते बैठकीत हमखास निघतं, उत्तर तयार ठेवा.

ग्रामसभा

सभेला गणपूर्ती लागते: एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल ती. तेवढी माणसं जमवणं हे तुमचं काम आहे, ग्रामपंचायतीवर सोडू नका. त्याआधीची महिलांची सभा वाया घालवू नका. आमच्याकडे दारूचा विषय तिथेच निघाला. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरच्या आत मद्यविक्रीला बंदी घातली, आणि मार्च 2017 मध्ये 20,000 किंवा त्याहून कमी लोकवस्तीच्या भागासाठी ते अंतर 220 मीटर केलं. पट्टा दोनशे मीटरचा, म्हणजे सगळाच त्या अंतराच्या आत. ‘हॉटेलं येतील’ म्हणजे नेमकं काय येईल, याची चर्चा बायकांनी या आकड्यावर केली आणि ती फार स्पष्ट झाली.

मोठ्या सभेत मी उभी राहून सर्वांत आधी आमचेच गट सांगितले: आमची दीड एकर पट्ट्यात येते, भाव वाढला तर फायदा आमचाही आहे. मग उपसरपंच आबांना म्हटलं, ‘आबा, तुमचीही सांगा.’ त्यांनी सांगितली. एकेक करून सात जणांनी सांगितली. कोणावर आरोप करायची गरजच उरली नाही, कोण कुठून बोलतोय ते सगळ्यांना दिसलं. हे करताना छातीत धडधडत होतं, पण त्या दिवशी सभा मोडली नाही ती त्यामुळेच.

ठरावात ‘व्यापारी पट्ट्यास विरोध आहे’ एवढंच लिहू देऊ नका. गट नंबर, मागणी, सूचक, अनुमोदक, उपस्थिती, सगळं इतिवृत्तात यायला हवं. सभा संपल्यावर तिथेच इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा.

हरकत अशी लिहा

ग्रामपंचायतीची एक, आणि प्रत्येक खातेदाराची आपली स्वतंत्र. एकाच मजकुरावर दोनशे सह्या घेण्यापेक्षा वीस जणांच्या वीस वेगळ्या हरकती जड पडतात, कारण प्रत्येक गटाचं उत्तर वेगळं द्यावं लागतं. मजकूर एका पानाचा असावा. माझा नमुना असा:

‘विषय: प्रारूप प्रादेशिक योजनेतील मौजे … येथील गट क्र. … बाबत हरकत व सूचना. संदर्भ: दिनांक … ची सूचना. मी वरील गटाचा/ची खातेदार आहे. सदर गट नकाशात वाणिज्य विभागात दर्शवला आहे. या गटाच्या उत्तर बाजूने नैसर्गिक ओढा वाहतो, तो नकाशात दर्शवलेला नाही. ओढ्याचे पाणी महामार्गावरील मोरीतून जाते. भराव झाल्यास वरच्या बाजूच्या गट क्र. … मध्ये पाणी साचते. छायाचित्रे जोडली आहेत. विनंती: ओढा नकाशात दर्शवावा व त्यालगतचा भाग शेती विभागात ठेवावा. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी.’

शेवटचं वाक्य गाळू नका. सातबारा, गाव नकाशाची प्रत आणि तारखेसह काढलेले फोटो जोडा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. टपालाने पाठवली तर पोचपावतीसह.

सुनावणीच्या दिवशी

तीन-चार मिनिटं मिळतील असं धरून चला. पहिलं वाक्य गट नंबराचं, दुसरं नकाशात काय चुकलंय त्याचं, तिसरं मागणीचं. नकाशावर बोट ठेवून दाखवा. रागाने बोलायचं नाही. माणूस चिडला की त्याचा मुद्दा हरवतो, हे मी जवळच्या लोकांच्या बाबतीत पाहिलंय. म्हाताऱ्या माणसांना सोबत न्या, पण त्यांच्या वतीने तुम्हीच बोलू नका. माझ्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘साहेब, पाणी आपली वाट सोडत नाही, ते आमच्या रानातून जाईल.’ अधिकाऱ्याने मोरीचा नंबर विचारला, मी यादी पुढे केली.

निघण्यापूर्वी तुमचं म्हणणं काय नोंदवलं गेलं ते विचारा. तोंडी नवं काही सांगितलं असेल तर तिथेच लेखी द्या.

आमच्या बाबतीत सगळं मिळालं नाही. पट्ट्याची खोली कमी झाली नाही. ओढ्याच्या दोन्ही काठांचे गट मात्र वगळले गेले आणि मोऱ्या नकाशात आल्या. शाळेसमोरच्या भुयारी मार्गासाठी बांधकाम विभागाकडे अजून पत्रव्यवहार चालू आहे.

योजना मंजूर झाली की राजपत्रातली अधिसूचना आणि मंजूर नकाशा दोन्ही पुन्हा पाहा. प्रारूपात एक आणि मंजुरीत दुसरं, असं होऊ शकतं. आता माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा आणि आपल्या हरकतीवर काय शिफारस झाली त्याची प्रत मागा. मग नगररचना कार्यालयातून आपल्या गटाचा झोन दाखला, म्हणजे गट कोणत्या विभागात आहे त्याचा दाखला, काढा, ट्रेसिंग पेपरवरच्या जुन्या नकाशाशी ताडून बघा, आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवून द्या. जमिनीचा भाव विचारायला पुढे कोणी दारात आलं, तर आधी तो काढून वाचा.